तलावपाळीच्या फेऱ्या चालू ठेवा, पण आठवड्यातून दोनदा वजन उचला

प्रश्न थोडक्यात असा. वय ४६, घर ठाण्यात नौपाड्याला, नोकरी ऐरोलीला. रोज सकाळी तलावपाळीला चाळीस मिनिटं चालणं, शिवाय स्वयंपाकापासून भाजी आणण्यापर्यंत घरचं सगळं. तरी यंदाच्या तपासणीत एचबीएवनसी, म्हणजे रक्तातल्या साखरेची दोन-तीन महिन्यांची सरासरी, ६.१ आलं. स्टेशनचा जिना उतरताना गुडघे दुखतात, शिंक आली की थोडी लघवी सुटते, पाळीही पुढेमागे व्हायला लागली आहे. सासूबाई म्हणतात, घरकाम हाच व्यायाम, आम्ही कुठे गेलो होतो जिमला? नवरा म्हणतो, जिम लाव. आणि स्वतःला भीती अशी की वजनं उचलली तर अंग पुरुषी दिसेल, गुडघे होते तेही जातील. तर नियमित व्यायामाचा बाईला नेमका फायदा काय, आणि यातलं करायचं काय?

ताई, मी ठाण्यात बरीच वर्षं फिजिओथेरपी करते आहे आणि अगदी याच तक्रारी एकत्र घेऊन येणाऱ्या बायका मला नेहमी भेटतात. म्हणून उत्तर आधी सांगते, कारणं मागाहून. तुमचं चालणं चांगलं आहे, सोडू नका. पण पाळी जायच्या वयात बाईच्या शरीराला ज्याची सगळ्यात जास्त गरज असते, ते नुसत्या चालण्यातून मिळत नाही. स्नायूंना जड जाईल असं काम त्यांच्याकडून करून घ्यायला हवं. आठवड्यातून दोनदा, दर वेळी अर्धा तास पुरतो. तुमची साखर, गुडघे आणि पुढे येऊ घातलेला हाडांचा प्रश्न, तिन्हींचे धागे स्नायूंपाशी येऊन मिळतात.

आधी सासूबाईंचं म्हणणं घेऊ, कारण त्या निम्म्या बरोबर आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२०च्या मार्गदर्शक सूचनांनुसार दम लागेल असं कुठलंही काम हालचालीच्या हिशेबात धरतात, मग तो मैदानावरचा खेळ असो की घरातली लादी पुसणं. सलग दहा मिनिटं झालीच पाहिजेत ही जुनी अटही काढून टाकली आहे. शिवाय सासूबाईंच्या पिढीतल्या कित्येकींनी विहिरीचं पाणी ओढलं, पाट्यावर वाटलं, जमिनीवर बसून दिवसातून पन्नास वेळा ऊठबस केली. आज ओट्याशी उभं राहून स्वयंपाक होतो, वाटण मिक्सरमध्ये, कपडे मशीनमध्ये. कष्ट कमी झाले हे उत्तमच झालं, कुणी उगाच पाट्याच्या आठवणी काढून हळहळू नये. पण मांड्यांवर आणि पाठीवर पडणारा भार गेला, हे खरं. उरलं ते तासन्‌तास उभं राहणं. त्याने पाय दुखतात, ताकद वाढत नाही. आणि जे काम शरीर वीस वर्षं रोज त्याच मापाने करतं, त्याची त्याला सवय होऊन जाते. रोज तेवढीच कणीक मळून दंड मजबूत होत राहिले असते, तर आपल्याकडच्या सगळ्या गृहिणी पहिलवान झाल्या असत्या.

त्याच सूचनांमध्ये प्रौढांसाठी दोन गोष्टी सांगितल्या आहेत. आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम गतीचा व्यायाम, किंवा ७५ ते १५० मिनिटं जोराचा. आणि त्याच्या जोडीला आठवड्यातून किमान दोन दिवस मोठ्या स्नायूंना ताकदीचा व्यायाम. पहिली गोष्ट आता बहुतेकांना तोंडपाठ झाली आहे. दुसरी बायकांना कुणी सांगतच नाही. डॉक्टर सांगतात "चालत जा", आणि बाई चालत सुटते.

चालण्याबद्दलही एक सांगायला हवं. चाळीस मिनिटं रोज म्हणजे आठवड्याला १५०च्या वर मिनिटं सहज होतात, पण ती मध्यम गतीची हवीत. ओळखायची खूण सोपी आहे: चालताना बोलता यावं, पण गाणं म्हणता येऊ नये. सकाळी तलावपाळीवर जे गट फिरताना दिसतात, त्यातल्या निम्म्यांना आरामात गाणं म्हणता येईल. मैत्रिणींशी गप्पा मारत दोन फेऱ्या, मग कट्ट्यावर बसून आणखी गप्पा, आणि रविवारी वर मामलेदारची मिसळ. मनाला याचा फायदा आहेच, मी त्याला नावं ठेवत नाही. फक्त एक फेरी गप्पांची आणि एक फेरी घाईची, अशी वाटणी करा.

आता साखर. तुमचं ६.१ म्हणजे मधुमेह नाही, पण त्याच्या उंबरठ्यावर. ५.७ ते ६.४ या पट्ट्याला मधुमेहपूर्व अवस्था म्हणतात. जेवणातून आलेली साखर ठेवायचं शरीरातलं सगळ्यात मोठं गोदाम म्हणजे स्नायू. गोदाम लहान असेल किंवा बराच काळ भरलेलंच राहिलं असेल, तर साखर रक्तात फिरत राहते, आणि स्वादुपिंडाला जास्त जास्त इन्सुलिन सोडावं लागतं. व्यायामाने दोन कामं होतात. स्नायू आकुंचन पावत असतो तेव्हा तो इन्सुलिनची वाट न बघता रक्तातली साखर आत ओढून घेतो, आणि त्याच्या पेशी पुढचे काही तास, कधी कधी दोन दिवसांपर्यंत, इन्सुलिनला जास्त चांगला प्रतिसाद देतात. म्हणून मध्ये दोन दिवसांहून जास्त खंड पडू देऊ नये. रात्रीच्या जेवणानंतर सोसायटीच्या आवारात दहा-पंधरा मिनिटं चाललात, तर जेवणानंतर चढणारी साखर तेवढी कमी चढते. हे आजपासून करता येईल आणि त्याला कुठलं साहित्यही लागत नाही.

आपल्या लोकांची यात एक खास अडचण आहे. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचा आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी डॉ. जॉन युडकिन यांचा फोटो शेजारी शेजारी छापला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, नेमका सारखा, २२.३. दिसायला दोघेही सडपातळ. पण युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के. म्हणजे काट्यावर वजन तेवढंच, पण आपल्यात चरबी जास्त आणि स्नायू कमी. म्हणूनच भारतीयांसाठी बीएमआय २३च्या वर गेला की जास्त वजन धरतात, आणि बाईच्या कमरेचा घेर ८० सेंटिमीटरच्या वर गेला की धोका मानतात. "मी तर बारीक आहे, मला कशी शुगर?" असं विचारणाऱ्या बायकांना मी फोटोतल्या या दोन डॉक्टरांचं उदाहरण देते.

उंबरठ्यावरून मागे फिरता येतं का? येतं. अमेरिकेत २००२ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात आठवड्याला १५० मिनिटं व्यायाम आणि सुमारे सात टक्के वजन घटवणं या दोन उद्दिष्टांनी मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी कमी झालं. त्याच अभ्यासात मेटफॉर्मिन या मधुमेहाच्या गोळीने ते ३१ टक्क्यांनी घटलं. चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांनी भारतीयांवर तसाच अभ्यास केला, तो २००६ साली आला. त्यात जीवनशैली बदलून २८.५ टक्के आणि मेटफॉर्मिनने २६.४ टक्के. आपल्याकडे फायदा अमेरिकेएवढा मोठा दिसला नाही, पण गोळीच्या बरोबरीचा नक्की दिसला. अर्थात तुमच्या डॉक्टरांनी गोळी लिहून दिली असेल तर माझं हे वाचून ती बंद करायची नाही.

हाडांकडे वळते, कारण पाळी पुढेमागे होते आहे हे तुम्ही लिहिलंत ते मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं. हाड ही जिवंत गोष्ट आहे. शरीरात जुनं हाड कुरतडणाऱ्या पेशी असतात आणि नवं बांधणाऱ्याही. इस्ट्रोजेन हे बाईच्या शरीरातलं संप्रेरक कुरतडणाऱ्यांना आवरून धरतं. पाळी जायच्या सुमारास ते उतरतं आणि पुढची पाच-सात वर्षं हाडांची झीज एकदम वेगाने होते. भारतीय बायकांची पाळी सरासरीने सेहेचाळीस-सत्तेचाळिसाव्या वर्षाच्या आसपास जाते, पाश्चात्त्य बायकांपेक्षा काही वर्षं लवकर. म्हणजे तुमच्याकडे आत्ता जो काळ आहे तो मोलाचा आहे.

हाड बांधणाऱ्या पेशी जाग्या होतात त्या भाराने. नेहमीपेक्षा जास्त भार पडला, किंवा वेगळ्या दिशेने पडला, की. सवयीच्या गतीने सपाट रस्त्यावर चालण्याची हाडांना आधीच सवय असते, त्यामुळे मणक्याची घनता त्याने वाढत नाही. ऑस्ट्रेलियात २०१८ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास मी पेशंटना आवर्जून सांगते. पाळी गेलेल्या, हाडं विरळ झालेल्या १०१ बायका, सरासरी वय पासष्ट. निम्म्यांना आठवड्यातून दोनदा, अर्धा अर्धा तास, प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली चांगली जड वजनं उचलायला लावली. बाकीच्यांना घरी हलका व्यायाम. आठ महिन्यांनी जड वजनं उचलणाऱ्यांच्या कमरेच्या मणक्यांची घनता २.९ टक्क्यांनी वाढली होती, हलक्या व्यायामवाल्यांची १.२ टक्क्यांनी घटली होती. आणि कुणाचं हाड मोडलं नाही. पासष्ट वर्षांच्या, हाडं कमकुवत झालेल्या बायका. आपल्याकडे त्यांना "वाकू नका, उचलू नका" एवढंच सांगितलं जातं. तरीही हा प्रयोग घरी एकटीने करायचा नव्हे. त्यातली वजनं शिकवणाऱ्याच्या नजरेखाली हळूहळू वाढवत नेली होती.

गुडघे. "झिजलेत" हा शब्द एक्स-रे बघून कुणीतरी उच्चारतं आणि बाई त्या दिवसापासून जिना टाळायला लागते. जिना टाळला की मांडीचा पुढचा स्नायू आणखी अशक्त होतो, आणि उतरताना गुडघ्यावर येणारा झटका पेलायचं काम त्याचंच असतं. म्हणून चढताना कमी आणि उतरताना जास्त दुखतं. यावरचा उपाय मांडी मजबूत करणं हाच आहे, आणि गुडघ्याच्या संधिवातावरच्या सगळ्या मोठ्या मार्गदर्शक सूचनांमध्ये व्यायाम पहिल्या ओळीत असतो. वजन कमी झालं तर दुहेरी फायदा: एक किलो उतरलं की प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी उतरतो. व्यायाम करताना थोडं दुखलं तर घाबरू नका. दहापैकी तीन-चार इतकं दुखणं, जे दुसऱ्या दिवशीपर्यंत मूळपदावर येतं, ते चालतं. गुडघा सुजला, अडकला किंवा अचानक दगा द्यायला लागला, तर मात्र आधी दाखवा.

अंग पुरुषी होण्याची भीती. बाईच्या अंगात टेस्टोस्टेरॉन, म्हणजे स्नायू फुगवणारं पुरुषी संप्रेरक, पुरुषाच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी असतं, तेव्हा घोडबंदर रोडच्या जिमच्या पोस्टरवरचे दंड चुकून येत नाहीत. वेटलिफ्टर मीराबाई चानू टोकियो ऑलिंपिकमध्ये ४९ किलो वजनगटात रुपेरी पदक जिंकली, तेव्हा तिने क्लीन अँड जर्कमध्ये ११५ किलो डोक्यावर उचलले. स्वतःच्या वजनाच्या दुपटीहून जास्त. वर्षानुवर्षं रोज तासन्‌तास वजनं उचलूनही ती ४९ किलोच्या गटात बसत होती. तुम्ही आठवड्यातून तासभर करणार.

करायचं कसं, ते आता जरा जवळून सांगते.

जेवणाच्या टेबलाची खुर्ची घ्या, चाकांची नको, पाठ भिंतीला टेकवून ठेवा. पुढच्या कडेला बसा. पावलं खांद्याएवढी लांब, टाचा गुडघ्यांच्या किंचित मागे. हात छातीवर घडी. आता नाक पायाच्या बोटांच्या वर येईल इतकं पुढे झुका आणि टाचांनी जमीन ढकलत उभ्या राहा. बहुतेक जणी न झुकताच उठायचा प्रयत्न करतात, मग गुडघ्यावर सगळा ताण येतो आणि "मला जमत नाही" म्हणतात. खाली बसताना मनात तीन आकडे मोजत हळू बसा, धपकन नको. खरी ताकद उतरतानाच्या या तीन आकड्यांत मिळते, तुमच्या जिना उतरण्याच्या तक्रारीला हीच लागू पडते. गुडघे एकमेकांकडे वळत असतील तर गुडघ्यांच्या वर एक ओढणी सैल बांधा आणि ती ताणून धरत उठा. असं दहा वेळा, एक-दोन मिनिटं थांबून पुन्हा दहा, मग पुन्हा. दहावं उठणं सोपं जायला लागलं की छातीशी दोन किलोची पिशवी धरा, मग पाच किलो तांदळाची. पुढे खुर्ची कमी उंचीची.

याच्या जोडीला तीन गोष्टी पुरे आहेत. ओट्याच्या कडेवर हात टेकवून तिरके जोर मारणं. एका हाताने टेबलाला धरून पुढे झुकायचं आणि दुसऱ्या हाताने भरलेली पिशवी कमरेपर्यंत ओढून घ्यायची. आणि जमिनीवरची जड पिशवी पाठ सरळ ठेवून, कमरेतून वाकून, पिशवी अंगाजवळ धरून उचलायची. हा शेवटचा प्रकार कुणाकडून तरी एकदा नीट शिकून घ्या. जांभळी नाक्यावरून भाजीच्या दोन पिशव्या घेऊन येणाऱ्या बाईला तो रोज उपयोगी पडतो. प्रत्येकी आठ ते बारा वेळा, मध्ये थांबून असं तीनदा. श्वास रोखू नका, उचलताना सोडा.

किती जड? शेवटच्या दोन वेळा "आता नको" वाटेल इतकं. सगळ्या बायका इथेच अडतात. गुलाबी रंगाचे एक किलोचे डंबेल घेऊन पन्नास वेळा हात हलवणं म्हणजे वेळ घालवणं. जी बाई कडेवर बारा किलोचं मूल घेऊन तीन मजले चढली आहे, तिच्या हातात एक किलो देणाऱ्या जिममधल्या मुलाला समजावून सांगावं लागतं. जिम लावणार असाल तर पहिल्याच दिवशी विचारा, वजन दर दोन-तीन आठवड्यांनी वाढवणार का. "मॅडम, आधी महिनाभर ट्रेडमिल करा" असं उत्तर आलं तर दुसरी जिम बघा. बागांमधल्या ओपन जिमबद्दलही हेच. उपवनला किंवा वाशीच्या बागांत उभं राहून कंबर फिरवायचं जे यंत्र असतं, त्याने पोट कमी होत नाही, कितीही फिरवा. तिथल्या बहुतेक यंत्रांवर भार वाढवायची सोय नसते. हलायला, मजा यायला ठीक.

योगासनं? करत असाल तर चालू ठेवा. तोल, लवचीकपणा, श्वास, झोप यांना त्यांचा चांगला उपयोग आहे, आणि सूर्यनमस्कार जोरात घातले तर दमही लागतो. मर्यादा एवढीच की भार तुमच्या स्वतःच्या वजनाचाच राहतो.

शिंक आल्यावर लघवी सुटण्याबद्दल तुम्ही अर्ध्या वाक्यात लिहिलंत, बहुतेक बायका तेवढंही बोलत नाहीत. बाळंतपणानंतर आणि पाळी जायच्या वयात ही तक्रार फार जणींना असते, आणि ती वयाचा भाग म्हणून सोसायची गरज नाही. ओटीपोटाच्या तळाला स्नायूंचा एक पट्टा असतो. गॅस अडवताना आणि लघवी थांबवताना जो आत-वर ओढला जातो, तो. पोट, मांड्या, पार्श्वभाग ढिले ठेवून फक्त तेवढाच आवळायचा, पाच आकडे धरायचा, मग पूर्ण सोडायचा. सोडणंही आवळण्याइतकंच महत्त्वाचं. आठ-दहा वेळा, दिवसातून तीनदा. हळूहळू दहा आकड्यांपर्यंत. अमेरिकी डॉक्टर अर्नॉल्ड केगेल यांनी १९४८ साली हे व्यायाम मांडले, म्हणून त्यांच्या नावाने ओळखले जातात. लघवी करताना मध्येच धार थांबवून सराव मात्र करू नका. ऐरोलीच्या गाडीत बायकांच्या डब्यात उभं राहून हा व्यायाम होतो, शेजारणीला पत्ताही लागत नाही. शिंक किंवा खोकला येतोय असं वाटलं की आधी आवळा, मग शिंका. फरक दिसायला तीन महिने द्या. जड वाटणं, खाली काही उतरल्यासारखं वाटणं, असं असेल तर वजनं उचलायच्या आधी स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा.

बाकीचे फायदे थोडक्यात सांगते, कारण ते एव्हाना सगळीकडे वाचायला मिळतात. रक्तदाब उतरतो, झोप सुधारते, उदासी आणि चिडचिड कमी होते, स्तनाच्या कर्करोगाचा धोका काही प्रमाणात घटतो. पीसीओएस (संप्रेरकांच्या बिघाडाने पाळी अनियमित होते तो त्रास) असलेल्या मुलींना वजन उतरलं नाही तरी व्यायामाचा उपयोग होतो, हे त्यांच्या आयांना सांगायला हवं. आयुष्याबद्दलची एक गोष्ट मात्र मला आवडते. अमेरिकेतल्या चार लाखांहून जास्त लोकांच्या माहितीवरून २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं की पुरुषांना आठवड्याला सुमारे ३०० मिनिटं व्यायामाने अकाली मृत्यूच्या धोक्यात जेवढी घट मिळते, तेवढी बायकांना १४० मिनिटांतच मिळते. हा निरीक्षणावरचा अभ्यास आहे, पक्का पुरावा म्हणता येणार नाही. पण "माझ्याकडे वेळ कुठे आहे" म्हणणाऱ्या बाईला ही बातमी सांगण्यासारखी आहे.

वेळेचा प्रश्न खराच आहे, त्यावर सुविचार ऐकवण्यात अर्थ नाही. केंद्र सरकारच्या २०१९च्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या बायका त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं घालवतात, पुरुष ९७. तुम्ही पाच वाजता उठायचं असा यावर उपाय सांगणारे लोक स्वतः सहसा सातला उठतात. झोप तोडून केलेला व्यायाम साखरेलाही मानवत नाही. मी पेशंटच्या नवऱ्याला बोलावते आणि सांगते, मंगळवार आणि शुक्रवारचे डबे तुमच्याकडे. "जिम लाव" म्हणणाऱ्या माणसाला हे पटायला हरकत नसावी. चालणं मग त्या दोन दिवशी सोडलंत तरी चालेल. पावसाळ्यात तलावपाळीवर पाणी साचलं, तर इमारतीचा जिना आहेच. नवी मुंबईतल्या सिडकोच्या लिफ्ट नसलेल्या चार मजली घरांत राहणाऱ्यांना तर तो चुकतच नाही. गुडघे दुखत असतील तोवर जिना चढा आणि लिफ्टने उतरा.

सुरू करण्याआधी हिमोग्लोबिन तपासा. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयातल्या निम्म्याहून जास्त बायकांना रक्तक्षय आढळला, महाराष्ट्रातही तीच गत. १२च्या खाली असेल तर जिन्यावर लागणारा दम व्यायामाअभावी नसून रक्ताअभावी असू शकतो, आणि पाळी अनियमित होताना जास्त रक्त जात असेल तर त्याचीही तपासणी हवी. पाळीच्या दिवसांत व्यायाम चालतो. बरं वाटत असेल तर नेहमीसारखा, नाही तर हलका. पाळीतलं पोटदुखणं नियमित व्यायामाने कमी होतं.

आणि खाणं. स्नायू प्रथिनांनी बांधला जातो, आणि आपला दिवस पोहे, चहा-बिस्किटं, पोळी-भाजी असा जातो. साठ किलोच्या बाईला दिवसाला किमान पन्नास ग्रॅम प्रथिनं लागतात, वजनं उचलत असाल तर थोडी जास्त. एका अंड्यात साधारण सहा ग्रॅम. मटकीची उसळ, मूगडाळीचं धिरडं, दही, पनीर, फुटाणे, आणि खात असाल तर बांगडा किंवा सुकट, यातलं काहीतरी प्रत्येक जेवणात यायला हवं. मूत्रपिंडाचा आजार असेल तर हे प्रमाण डॉक्टरांना विचारून.

छातीत दाब, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ, नेहमीपेक्षा वेगळा दम, घेरी, यातलं काही व्यायाम करताना झालं तर थांबा आणि लगेच दाखवा. बायकांत हृदयविकार कधी कधी नुसता प्रचंड थकवा आणि मळमळ एवढ्यावरच येतो, त्याला पित्त समजून सोडा घेऊन झोपू नका. रक्तदाब आटोक्यात नसेल, किंवा घरात लहान वयात हृदयविकार असेल, तर सुरुवातीआधी ईसीजी आणि डॉक्टरांची संमती घ्या.

आजच तीन गोष्टी लिहून ठेवा: बेंबीच्या पातळीवर कमरेचा घेर, तीस सेकंदांत हात न लावता खुर्चीवरून किती वेळा उठता येतं तो आकडा, आणि ६.१. पहिल्या दोन दर महिन्याला मोजा. एचबीएवनसी मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगतं, म्हणून ते तीन महिन्यांनी. वजनाचा काटा यात मुद्दाम घेतला नाही. नुसत्या व्यायामाने वजन फार उतरत नाही, ते जास्त करून खाण्यावर असतं. शिवाय स्नायू वाढून चरबी घटली तर ब्लाउज सैल होतो आणि काटा तिथेच राहतो. काटा बघायचाच असेल तर महिन्यातून एकदा, आणि पाळीच्या आधीच्या आठवड्यात नको, तेव्हा अंगात पाणी धरलेलं असतं.